हे कोणी टाकलं?

वऱ्हाडातल्या घरातला संगणक सहसा एकट्याचा नसतो. अकोल्याच्या रामदासपेठेत किंवा अमरावतीच्या गाडगेनगरात तो बैठकीच्या खोलीत ठेवलेला असतो. त्यावर वडील पतसंस्थेचा हिशेब जुळवतात, मुलगी सीईटीचा अर्ज भरते, आजोबांनी कधीकाळी टाइप करून ठेवलेली भाषणं त्यातच असतात, आणि दिवाळीला आलेला आतेभाऊ तेवढ्या चार दिवसांत एखादा गेम टाकून जातो. बिघडला की तो चौकातल्या दुकानात जातो, ‘फॉरमॅट मारून’ परत येतो आणि येताना दुकानदाराच्या सवयीची आठ-दहा सॉफ्टवेअरं सोबत घेऊन येतो. अशी काही वर्षं गेल्यावर घरातलं कोणीतरी सेटिंगमध्ये जाऊन बसवलेल्या ॲप्सची यादी उघडतं आणि प्रश्न उठतो, “हे काय हाय? हे कोणी टाकलं?”

यादी पाहून बिचकायला होतं हे खरं. नावं इंग्रजी, त्यांत आकडे मिसळलेले, आणि आपलं काम काय हे एकही नाव धड सांगत नाही. अशा वेळी दोन स्वभाव दिसतात. एक म्हणतो, “राहू दे, कायले हात लावता?” दुसरा ओळखीचं नसेल ते सगळं उडवत सुटतो. नुकसान दोघांचंही होतं, कारण दोघंही नावाच्या अनोळखीपणावर निर्णय घेतात. नाव ओळखीचं आहे का, या प्रश्नाचा इथे फारसा उपयोग नाही. विचारायचं ते वेगळंच: हे कोणी आणलं, कधी आणलं, घरातल्या कोणाचं काम यावर अडलेलं आहे, आणि ते ठेवल्यानं संगणकाची सूत्रं कोणाच्या हाती जातात?

अनोळखीपणाची भीती किती लांब जाऊ शकते, याचं उदाहरण २००२ च्या एप्रिलमधलं आहे. जगभर एक ई-मेल फिरला. विंडोजमध्ये ‘जेडीबीजीएमजीआर’ नावाची फाइल शोधा, तिच्यावर टेडी बेअरचं चित्र दिसेल, तो व्हायरस आहे, चौदा दिवस दबा धरून बसतो, अँटिव्हायरसला सापडत नाही, लगेच काढून टाका आणि ओळखीच्या सगळ्यांना कळवा. लोकांनी शोधलं, टेडी बेअर खरोखरच सापडलं, आणि मग शंका घ्यायचं कारणच उरलं नाही. फाइल मात्र मायक्रोसॉफ्टनंच दिलेली होती. जावा भाषेत प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना चुका शोधायला ती लागे. सर्वसाधारण माणसाला तिची गरज क्वचितच पडायची, म्हणून पुसणाऱ्यांचं फारसं बिघडलं नाही. पण खरा व्हायरस न लिहिताही लोकांकडून त्यांच्याच संगणकातली फाइल पुसून घेता येते, हे त्या एका पत्रानं दाखवून दिलं.

आजच्या यादीत त्या टेडी बेअरची जागा ‘मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल’नं घेतली आहे. हे एकच नाव २००५, २००८, २०१०, २०१३ अशी सालं लावून सात-आठ वेळा दिसतं, वर प्रत्येकाचे ३२ बिट आणि ६४ बिट असे दोन अवतार. डुप्लिकेट समजून लोक जुनी काढतात आणि नवं तेवढं ठेवतात. प्रत्यक्षात ही तयार सामग्रीची गाठोडी आहेत. एखादा हिशेबाचा प्रोग्रॅम २००८ च्या साधनांवर बांधला असेल तर त्याला २००८ चंच गाठोडं लागतं, २०१३ चं चालत नाही. काढल्यावर त्या दिवशी काहीच होत नाही. पंधरा दिवसांनी तो प्रोग्रॅम उघडताना अमुक डीएलएल सापडत नाही असा संदेश येतो आणि तोवर आपण काय काढलं हे कोणाच्याच लक्षात नसतं. रियलटेक म्हणजे आवाजाची चिप, इंटेलच्या नावानं दिसणाऱ्या बऱ्याच नोंदी म्हणजे मदरबोर्डचे ड्रायव्हर, ‘बाँजूर’ ॲपलच्या आयट्यून्सबरोबर येतं. यांतलं कोणीही चोरपावलांनी आलेलं नाही.

वऱ्हाडात, किंबहुना महाराष्ट्रभर, यादीत आणखी एक थर सापडतो. घरात कोणी आपले सरकार सेवा केंद्र चालवत असेल, किंवा संगणक तशा केंद्रातून जुना विकत घेतला असेल, तर ‘मंत्रा आरडी सर्व्हिस’, ‘एमएफएस १००’, ‘मॉर्फो’ अशी नावं असतात. आधारसाठी अंगठ्याचा ठसा घेणाऱ्या यंत्राची ही सॉफ्टवेअरं. आरडी म्हणजे रजिस्टर्ड डिव्हाइस: ठसा यंत्रातून निघताना गुप्त रूपात बांधला जावा आणि नोंदणी झालेल्या यंत्राकडूनच यावा, असा आधार प्राधिकरणाचा नियम आहे, आणि ही सेवा पडद्यामागे सतत जागी राहून ते काम करते. सतत जागी राहणं, संगणकाच्या आतल्याच ११,१०० च्या पुढच्या पोर्टवर कान लावून बसणं, ही लक्षणं ऐकली तर कोणालाही हेरगिरी वाटेल. पण यंत्र घरात असेल तर ती गरज आहे. यंत्र केव्हाच विकून टाकलं असेल तर मात्र तीच सेवा निव्वळ ओझं आहे आणि खुशाल काढावी. ‘ईपास २००३’, ‘प्रॉक्सकी’, ‘एमसाइनर’ ही डिजिटल सहीच्या टोकनशी संबंधित नावंही याच वर्गातली. ही सही ठेकेदाराला निविदेसाठी लागते, कंपनीच्या जीएसटी विवरणासाठी लागते. आणि ड्रायव्हर गेल्याचं कळतं ते नेमकं शेवटच्या तारखेच्या रात्री.

सगळ्यात नाजूक थर मराठी टंकलेखनाचा. युनिकोड रुळण्याआधी मराठीत टाइप करायचं तर पुण्याच्या सी-डॅकचं ‘आयएसएम’, पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचं ‘श्री-लिपी’, शिवाय ‘आकृती’, ‘बरहा’, कृतिदेव आणि शिवाजी फाँट असा संसार होता. लग्नपत्रिका, शाळांचे अहवाल, ग्रामपंचायतीचे ठराव, कवितासंग्रहांच्या डीटीपीच्या फाइली यांतच तयार झाल्या. यातल्या बहुतेक फाँटांची युक्ती अशी होती की संगणकाच्या लेखी ती अक्षरं इंग्रजीच राहत. फाँट फक्त त्या जागी देवनागरी आकार काढून दाखवी. म्हणजे फाइलमध्ये मराठी मजकूर नसतोच, फाँट असला तरच तो मराठी दिसतो. सॉफ्टवेअर काढताना त्याचे फाँटही गेले, तर तीस वर्षांपूर्वीची फाइल उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा समोर येतो. मजकूर हरवलेला नसतो, पण ‘श्री-देव ०७१४’ हा फाँट कोणता होता आणि आता कुठून आणायचा, हे सांगणारं घरात कोणी नसतं. यातली काही सॉफ्टवेअरं पोर्टला लावायच्या कुलपावर चालायची, त्यामुळे त्या कुलपाचा ड्रायव्हरही यादीत वेगळ्याच परक्या नावानं बसलेला असतो.

मराठी टायपिंगच्या या साधनांबद्दल आणखी एक गोष्ट समजून घ्यावी लागते. रोमन कळफलकावर ‘के’ दाबल्यावर ‘क’ उमटवायचा, तर त्या सॉफ्टवेअरला दाबलेली प्रत्येक कळ आधी आपल्या हाती घ्यावी लागते. पासवर्ड चोरणारे कीलॉगर नेमकं हेच करतात. त्यामुळे नेटवरच्या कुठल्यातरी साइटवरून उतरवलेलं ‘फ्री मराठी टायपिंग’ सॉफ्टवेअर आणि सी-डॅकचं साधन यांत कामाच्या पद्धतीवरून फरक करणं कठीण आहे. फरक राहतो तो मुळाचा: कोणी बनवलं आणि कुठून आलं. आता विंडोजमध्येच मराठी कळफलक असतो, तेव्हा नव्या टायपिंगसाठी बाहेरचं अनोळखी साधन ठेवण्याचं कारण उरलेलं नाही. जुन्या फाइली असतील तर मात्र आधी फाँटांची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी, फाइली युनिकोडमध्ये बदलून त्यांची वाचून खातरजमा करावी, आणि मगच जुनं साधन काढायचा विचार करावा. कन्व्हर्टर जोडाक्षरांत आणि रफारात हमखास चुका करतात; वाचल्याशिवाय त्यावर विसंबणं योग्य नाही.

मूळ शोधायचं कसं? जुन्या कंट्रोल पॅनेलमधली प्रोग्रॅमची यादी यासाठी अजूनही उत्तम आहे, कारण तिथे प्रकाशकाचं नाव आणि बसवल्याची तारीख शेजारी-शेजारी दिसते. तारखेवर टिचकी मारून क्रम लावला की घराचा इतिहास उलगडतो. अमुक तारखेला प्रिंटर आला, त्याच दिवशी पाच नोंदी झाल्या. म्हणजे त्या प्रिंटरच्या. तमुक तारखेला एक व्हिडिओ प्लेअर उतरवला, आणि त्याच दिवशी एक ‘पीसी ऑप्टिमायझर’ आणि एक टूलबार आला; म्हणजे ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करताना आधीच टिक केलेली चौकट कोणी वाचली नाही. काही वर्षं खुद्द जावाच्या इन्स्टॉलरबरोबर आस्क टूलबार असाच यायचा. अँटिव्हायरस अशांबाबत अनेकदा गप्प राहतो, कारण कायद्याच्या भाषेत परवानगी दिलेली असते. अपडेट झालं की काही नोंदींची तारीख बदलते, एवढं भान ठेवून ही यादी वाचली तर निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

उरलेल्यांसाठी फाइलच्या प्रॉपर्टीजमधली डिजिटल सही पाहता येते. तहसीलच्या शिक्क्यासारखा तिचा उपयोग आहे: कागद कोणाकडून आला आणि नंतर त्यात खाडाखोड झाली नाही, एवढं ती सांगते, कागदातला मजकूर आपल्या हिताचा आहे की नाही, हे सांगत नाही. २०१७ मध्ये ‘सीक्लीनर’ या अतिशय लोकप्रिय सफाई-सॉफ्टवेअरची ५.३३ आवृत्ती कंपनीच्या अस्सल सहीसह, कंपनीच्याच सर्व्हरवरून, आत दुष्ट कोड घेऊन सुमारे २२ लाख ७० हजार संगणकांवर पोचली होती. हल्लेखोर कंपनीच्या आतच शिरले होते.

नव्या डब्यातून आलेल्यावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नये. २०१४ मध्ये लेनोवोनं आपल्या अनेक लॅपटॉपवर ‘सुपरफिश’ नावाचं जाहिराती दाखवणारं सॉफ्टवेअर कारखान्यातूनच घालून दिलं. त्यानं विंडोजमध्ये स्वतःचं एक मूळ प्रमाणपत्र बसवलं होतं, ज्याच्या जोरावर बँकेच्या सुरक्षित पानातही ते मधे शिरू शकत होतं. त्याची गुप्त किल्ली सगळ्या लॅपटॉपवर एकच होती आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये एका तज्ज्ञानं ती उघड केली. पुढची गोष्ट निर्णय घेणाऱ्यानं लक्षात ठेवण्याजोगी आहे: सुपरफिश नेहमीच्या पद्धतीनं अनइन्स्टॉल केलं तरी ते प्रमाणपत्र मागेच राहत होतं. यादीतून नाव गेलं म्हणजे सॉफ्टवेअर गेलं, असं दरवेळी होत नाही.

आता ज्यांच्याबाबत मवाळपणा चालत नाही, त्यांच्याकडे वळू. ‘एनीडेस्क’, ‘टीमव्ह्यूअर’, ‘अल्ट्राव्ह्यूअर’ ही दुसऱ्या ठिकाणी बसून आपला संगणक चालवू देणारी सॉफ्टवेअरं. ती स्वतः प्रामाणिक आहेत. हिशेबाच्या सॉफ्टवेअरची दुरुस्ती करणारे, करसल्लागार, दुकानातले तंत्रज्ञ यांना ती रोज लागतात. पण भामट्यांनाही तीच आवडतात. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेनं मोबाइलवर एनीडेस्क बसवायला लावून खाती रिकामी करण्याच्या प्रकाराबद्दल बँकांना सावध केलं होतं. संगणकावर यांत एक कायमचा पासवर्ड ठेवायची सोय असते. तो ठेवला असेल तर समोरच्याला पुढच्या वेळी घरच्यांची परवानगीही लागत नाही. म्हणून असं सॉफ्टवेअर सापडलं आणि ते कोणी, कोणत्या कामासाठी टाकलं हे घरातला एकही माणूस खात्रीनं सांगू शकला नाही, तर ते ठेवण्याचा प्रश्नच नाही. पुढे कधी गरज पडली तर पाच मिनिटांत पुन्हा उतरवता येतं.

मात्र खात्यातून पैसे गेले असतील तर घाईनं काहीही काढू नये. इंटरनेट तोडावं, दुसऱ्या फोनवरून १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी, बँकेला कळवावं. एनीडेस्क आपल्या प्रोग्रॅमडेटा फोल्डरमध्ये बाहेरून झालेल्या जोडण्यांची नोंद एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ठेवतं: तारीख, वेळ, समोरच्याचा आयडी. सायबर पोलिसांच्या तपासाला ती फाइल लाखमोलाची असते, आणि “सगळं साफ करून टाकलं साहेब” हे वाक्य तपास तिथेच संपवू शकतं. दुकानात नेऊन फॉरमॅट मारणं तर त्याहून घातक.

दुकानाचा विषय निघालाच आहे. विंडोजची परवाना किल्ली न घेता ‘चालू करून देणारी’ केएमएस नावाची साधनं आपल्याकडच्या असंख्य संगणकांवर आहेत. ‘केएमएसपिको’ हे त्यातलं सर्वांत परिचित नाव. ते चालवायला आधी अँटिव्हायरस बंद करा अशी सूचना असते, आणि बंद केलेल्या त्या दारातून काय आत आलं ते कोणालाच दिसत नाही. २०२१ च्या डिसेंबरात रेड कॅनरी या सुरक्षा कंपनीनं दाखवलं की केएमएसपिकोच्या नावानं फिरणाऱ्या इन्स्टॉलरमधून ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड चोरणारं ‘क्रिप्टबॉट’ पसरवलं जात होतं. ज्या संगणकावर बँकेचं काम होतं, त्यावर हे साधन ठेवणं परवडणारं नाही. परवान्याचे पैसे जड वाटत असतील तर लिनक्स हा फुकट आणि सरळ मार्ग उपलब्ध आहे.

लक्षणांवरून ओळखायला जावं तर आपल्याकडचं हवामान आडवं येतं. दुसऱ्याच्या संगणकाची वीज वापरून मोनेरोसारखं आभासी चलन खणणारे छुपे प्रोग्रॅम असतात. पंखा सतत घोंघावतो, डबा तापतो, ही त्यांची खूण. पण मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की निरोगी संगणकाचा पंखाही घोंघावतोच, आणि आत कापसाचं-धुळीचं बूच बसलं असेल तर विचारायलाच नको. खात्री करायची तर सगळी कामं बंद ठेवून, पहाटे किंवा थंडीच्या दिवसात, टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर किती व्यग्र आहे ते पाहावं. काही खाणकरी टास्क मॅनेजर उघडताच थांबतात. उघडताक्षणी पंखा शांत होणं ही तशी बोलकी खूण आहे.

संशय असेल पण खात्री नसेल, तेव्हा काढण्याआधी झोपवून पाहावं. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप भागात जाऊन तो प्रोग्रॅम संगणकाबरोबर सुरू होणं बंद करायचं, आणि एक पूर्ण महिना जाऊ द्यायचा. म्हणजे विवरण भरणं, प्रिंट काढणं, शिष्यवृत्तीचा अर्ज असं सगळं एकदा होऊन जातं. कोणाचंच काही अडलं नाही तर मग काढावं. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर मिळणारं ‘ऑटोरन्स’ हे मोफत साधन याहून खोल जातं. नेहमीच्या यादीत न दिसणारेही सगळे आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम त्यात सहीसकट दिसतात. एखादी फाइलच तपासायची असेल तर ‘व्हायरसटोटल’वर ती एकाच वेळी कित्येक अँटिव्हायरसांकडून तपासून घेता येते. पण तिथे चढवलेली फाइल इतर अभ्यासकांनाही मिळू शकते, म्हणून प्रोग्रॅमच चढवावा, घरचा कागद कधीही नाही. सत्तर जणांत एकदोघांनीच लाल खूण केली तर तो बहुधा गैरसमज असतो; निम्म्यांनी केली तर निर्णय झालेला आहे.

सीईआरटी-इन या केंद्रीय संस्थेनं फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर मोफत सफाई-साधनं मिळतात. त्यांत सी-डॅकचं ‘ॲपसंविद’ उलट्या विचारावर बांधलेलं आहे: वाईटांची यादी करण्यापेक्षा ज्यांना घरानं मंजुरी दिली तेवढेच प्रोग्रॅम चालू द्यायचे. पेनड्राइव्हसाठी ‘यूएसबी प्रतिरोध’ आहे, आणि वऱ्हाडात त्याची खरी गरज आहे, कारण प्रवेशाच्या दिवसांत कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानातल्या एकाच संगणकात दिवसभरात शेकडो पेनड्राइव्ह लागतात. तिथून येणारा शॉर्टकट व्हायरस प्रोग्रॅमच्या यादीत दिसतच नाही. तो विंडोजच्याच ‘डब्ल्यूस्क्रिप्ट’ या प्रोग्रॅमकडून आपली लपवलेली फाइल चालवून घेतो. म्हणजे नाव सज्जनाचं आणि काम दुसऱ्याचं. अशा वेळी डब्ल्यूस्क्रिप्ट कोणती फाइल चालवत आहे, ते पाहावं लागतं.

देशातला एक मोठा अँटिव्हायरस उद्योगही दुरुस्तीच्या टेबलावरूनच उभा राहिला. कैलाश काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर आणि मग संगणक दुरुस्त करायचे. गिऱ्हाइकांच्या संगणकात पुन्हा पुन्हा तेच व्हायरस येताना पाहून त्यांचे धाकटे भाऊ संजय यांनी ते काढणारे प्रोग्रॅम लिहिले, आणि १९९५ मध्ये त्यातून क्विक हील बाजारात आलं. घरात कोणताही अँटिव्हायरस असो, एक पुरे. लॅपटॉपबरोबर चाचणीपुरता आलेला, मुदत संपलेला दुसरा असेल तर तो काढावा. दोन्ही गेले तरी विंडोजचं डिफेंडर आपोआप कामाला लागतं. ‘रजिस्ट्री क्लीनर’ या जातीच्या सॉफ्टवेअरचा आधार घ्यायचं कारण नाही, मायक्रोसॉफ्टही त्यांची शिफारस करत नाही.

म्हातारी झालेली काही नावं मात्र बिनधास्त काढावीत. ॲडोबी फ्लॅश प्लेअरचा आधार २०२० च्या अखेरीस संपला, सिल्व्हरलाइटचा ऑक्टोबर २०२१ मध्ये, आणि विंडोजवरचं क्विकटाइम ॲपलनं २०१६ मध्येच वाऱ्यावर सोडलं. यांची भोकं आता कोणी बुजवत नाही.

शेवटी फॉरमॅट. संशयितांची संख्या वाढली, किंवा पासवर्ड चोरणारं काही सापडलं, तर तोच स्वच्छ मार्ग आहे. पण दुकानात बहुतेक वेळा फक्त सी ड्राइव्ह पुसला जातो आणि डी तसाच राहतो, त्यामुळे तिथे लपलेलं परत येऊ शकतं. संगणक देण्याआधी डिजिटल सहीच्या टोकनचा पासवर्ड, हिशेबाच्या सॉफ्टवेअरची परवाना किल्ली, जुने मराठी फाँट आणि डी ड्राइव्हमधले कागद यांची प्रत घरी ठेवावी. दुकानदाराला सांगावं, विंडोज मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून उतरवलेलंच टाका, आणि वर जे काही टाकाल त्याची यादी बिलाच्या मागे लिहून द्या. परत आल्यावर ब्राउझरमध्ये पूर्वी साठवलेले सगळे पासवर्ड बदलावेत, बँकेपासून सुरुवात करून.